'काम' म्हणजे नेहमीच 'वर्क' नव्हे: एका इंग्रजी नामाचे समानार्थी शब्द आणि त्यांचा रोजचा वापर

मराठीत सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत 'काम' हा एकच शब्द आपल्याला पुरतो. आपण कामावर जातो, घरची कामे उरकतो, बँकेत आपले एक काम असते, शेजाऱ्यांकडे जरा काम असते, तलाठी कार्यालयातले काम अडलेले असते, एखादी जुनी वस्तू अचानक कामाला येते आणि एखादी कायमची कामातून जाते. इंग्रजी बोलू लागलेला मराठी माणूस या प्रत्येक ठिकाणी 'वर्क' हा शब्द ठेवतो. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, पण कसाबसा, आणि कधी कधी भलताच कळतो. मी काही वर्षांपासून पुण्याजवळच्या भोसरी परिसरातल्या कारखान्यांत काम करणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांना संध्याकाळी इंग्रजी शिकवतो. त्यांच्या वह्यांमध्ये माझी लाल शाई सर्वांत जास्त या एका शब्दाभोवती पडते, म्हणून त्याच्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक सवय सोडावी लागेल, ती म्हणजे वहीच्या एका बाजूला 'वर्क' लिहून दुसऱ्या बाजूला जॉब, टास्क, ड्यूटी, लेबर, एम्प्लॉयमेंट, ऑक्युपेशन अशी यादी पाठ करण्याची. समानार्थी शब्द पाठ करण्याची परंपरा आपल्याकडे अमरकोशापासून आहे, पण त्या कोशाचे मूळ नाव 'नामलिंगानुशासन' आहे हे आपण विसरतो. त्यात नामाबरोबर त्याचे लिंगही शिकवले जाई, म्हणजेच शब्द कसा वापरायचा हे शब्दाबरोबरच हाती येई. इंग्रजीतला प्रसिद्ध थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, पीटर मार्क रॉजे यांनी १८५२ साली प्रसिद्ध केला, तेव्हा शब्दांचे गट केले होते ते कल्पनांनुसार. हे गट होते शब्द आधीपासून ओळखीचे असलेल्या आणि फक्त आठवण हवी असलेल्या लेखकासाठी. एका गटातले शब्द एकमेकांच्या जागी बसतात, असा त्याचा अर्थ नव्हे. इंग्रजी नामाला लिंगाची अडचण फारशी नाही, पण त्याऐवजी तीन गोष्टी नामाबरोबरच शिकाव्या लागतात: ते मोजता येते की नाही, त्याच्याबरोबर कोणते क्रियापद येते, आणि त्याच्या पुढेमागे कोणते शब्दयोगी अव्यय येते.

पहिली पायरी: हे काम मोजता येते का?

मराठीत 'एक काम आहे', 'दोन कामे राहिली' असे आपण सहज म्हणतो. इंग्रजीतले 'वर्क' मात्र पाण्यासारखे किंवा पिठासारखे आहे. पाणी थोडे असते, पुष्कळ असते, पण 'एक पाणी, दोन पाणी' अशी मोजणी आपण सहसा करत नाही. म्हणून 'आय हॅव अ वर्क' आणि 'आय हॅव मेनी वर्क्स' ही दोन्ही वाक्ये चुकतात. 'आय हॅव सम वर्क', 'आय हॅव अ लॉट ऑफ वर्क', 'हाऊ मच वर्क इज लेफ्ट?' ही वाक्ये बरोबर आहेत. मोजायचेच असेल तर नाम बदलावे लागते. 'माझी दोन कामे आहेत' याला 'आय हॅव टू थिंग्ज टू डू' म्हणावे, आणि ती कोणी नेमून दिलेली असतील तर 'टू टास्क्स' म्हणावे. 'अ पीस ऑफ वर्क' असाही एक मार्ग आहे, पण तो जपून वापरावा, कारण हेच शब्द माणसाला लावले तर 'मोठा विचित्र इसम आहे' असा अर्थ होतो.

मग 'वर्क्स' हा शब्द दिसतो तो कुठून आला? त्याची तीन घरे आहेत. पहिले घर साहित्य आणि कला यांचे आहे, जिथे एखाद्या कवीची समग्र रचना म्हणजे त्याचे 'वर्क्स'. दुसरे घर बांधकामाचे आहे. राज्य सरकारच्या ज्या विभागाला आपण पीडब्ल्यूडी म्हणतो त्यातला मधला शब्द 'वर्क्स' आहे, आणि त्याचे मराठी नाव 'सार्वजनिक बांधकाम विभाग' हे अगदी चोख भाषांतर आहे, कारण तिथे 'कामे' असे म्हटले असते तर काहीच बोध झाला नसता. तिसरे घर कारखान्यांचे आहे: स्टीलवर्क्स, किंवा जुन्या पिढीतले लोक पाणीपुरवठा केंद्राला म्हणतात ते वॉटरवर्क्स. इथे शेवटी 'स' असूनही 'अ स्टीलवर्क्स' असे एकवचन चालते. या तीन घरांबाहेर 'वर्क्स' हे नाम लिहायचा मोह झाला तर हात थांबवावा.

जोडशब्दांतही हाच नियम चालतो. मराठीत भरतकाम, विणकाम, सुतारकाम, कोरीवकाम असे शब्द घडतात, तसेच इंग्रजीत नीडलवर्क, वुडवर्क, पेपरवर्क, फील्डवर्क, टीमवर्क घडतात आणि त्यांना अनेकवचन होत नाही. म्हणून 'होमवर्क्स' हा शब्द कुठल्याही शाळेच्या वहीत असू नये. 'नेटवर्क' आणि 'फ्रेमवर्क' यांचे अनेकवचन मात्र होते, कारण तिथे कामाची कल्पना मागे पडून जाळे किंवा चौकट ही वस्तूच उभी राहिली आहे.

'वर्क' हा शब्द कामाची जागा दाखवतो तेव्हा त्याच्या आधी 'द' किंवा 'अ' काहीच लागत नाही, हेही याच पायरीवर पक्के करावे. 'ही इज ॲट वर्क' म्हणजे तो कामावर आहे. 'शी गोज टू वर्क बाय बस' म्हणजे ती बसने कामाला जाते. 'आउट ऑफ वर्क' म्हणजे हाताला काम नसलेला. मराठीतही 'कामावर', 'कामाला' असे नुसते म्हणतो, 'त्या कामावर' असे म्हणत नाही, तेव्हा इथे आपला कान आपल्याला मदतच करतो.

दुसरी पायरी: 'जॉब' नेमके कशाला म्हणावे?

या शब्दाचा मूळ अर्थ मला शब्दकोशापेक्षा लेथ मशीनजवळ जास्त स्वच्छ दिसला. माझा एक विद्यार्थी टर्नर आहे. तो सांगतो, 'सर, जॉब चकमध्ये नीट बसला नाही तर पहिल्याच कटला कळतं.' त्याच्या दृष्टीने जॉब म्हणजे चकच्या, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीच्या, जबड्यांत धरलेला तो लोखंडाचा तुकडा, जो घासून, मापात आणून बाजूला ठेवला की दुसरा जॉब हाती घ्यायचा. त्याला स्वतःला वाटत होते की हा कारखान्यातला अडाणी वापर आहे आणि खरा अर्थ नोकरी. प्रत्यक्षात सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत हा शब्द 'कामाचा एक तुकडा' याच अर्थाने भेटतो, आणि पगाराची नोकरी हा अर्थ त्याला नंतर चिकटला. छापखान्यात लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके छापण्याला 'जॉब' म्हणतात, तेही याच जुन्या अर्थाने. 'जॉबवर्क' तर आपल्याकडे कायद्यात आहे: २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्यात दुसऱ्या नोंदणीकृत व्यक्तीच्या मालावर केलेली प्रक्रिया अशी त्याची व्याख्या दिली आहे. परदेशी ग्राहकाशी बोलताना मात्र 'सबकॉन्ट्रॅक्ट वर्क' म्हटले तर लवकर उमगते.

हा मूळ अर्थ धरला की बाकीचे सोपे होते. जॉब मोजता येतो, त्याला सुरुवात आणि शेवट असतो, आणि तो कोणाचा तरी असतो. नळ दुरुस्त करणे हा एक जॉब आहे, भिंत रंगवणे हा दुसरा, आणि मुलांना वेळेवर झोपवणे हा आईवडिलांचा जॉब आहे, जरी त्याचा पगार कोणी देत नसले तरी. 'इट्स माय जॉब टू चेक द बिल्स' याचा अर्थ बिले तपासणे ही माझी जबाबदारी आहे, एवढाच आहे.

नोकरीविषयी बोलताना आपली ठरलेली चूक म्हणजे 'आय ॲम डुइंग जॉब इन पुणे'. 'नोकरी करतो' या मराठी क्रियापदाची ती छाया आहे. इंग्रजीत नोकरी असते, मिळते, बदलते, जाते: 'हॅव अ जॉब', 'गेट अ जॉब', 'चेंज जॉब्स', 'लूज वन्स जॉब'. त्याहून स्वाभाविक वाक्य करायचे तर नाम सोडून क्रियापद घ्यावे आणि अव्यय नीट निवडावे. मालक सांगायचा तर 'आय वर्क फॉर', ठिकाण सांगायचे तर 'आय वर्क ॲट', क्षेत्र सांगायचे तर 'आय वर्क इन', भूमिका सांगायची तर 'आय वर्क ॲज अ फिटर', आणि सध्या हातात असलेली गोष्ट सांगायची तर 'आय ॲम वर्किंग ऑन'. परका माणूस आपल्याला 'व्हॉट डू यू डू?' असे विचारतो, आणि आपणही पाहुण्यांना 'आपण काय करता?' असेच विचारतो. दोन्ही भाषांत त्या प्रश्नात 'काम' हा शब्दच नाही, ही गंमत नसून शिकण्याची जागा आहे.

आपल्याकडे 'मुलगा सर्व्हिसला आहे' असे म्हणतात. भारताबाहेर हे वाक्य टाळावे, कारण ब्रिटनमध्ये 'इन सर्व्हिस' याचा जुना अर्थ श्रीमंतांच्या घरी नोकर म्हणून राहणे असा आहे. तसेच 'ड्यूटी'. पोलीस, डॉक्टर, वाहक 'ऑन ड्यूटी' असतात हे बरोबर आहे, पण 'माय ड्यूटी इज ओव्हर ॲट फोर' म्हणण्यापेक्षा 'माय शिफ्ट एंड्स ॲट फोर' म्हणावे. 'ड्यूटी' या नामात कर्तव्याचा भाव आहे, आणि कर्तव्य चार वाजता संपत नाही.

तिसरी पायरी: अर्जातले आणि कायद्यातले शब्द क्रियापदासह शिकावेत

ऑक्युपेशन, प्रोफेशन, ट्रेड, कॉलिंग, एम्प्लॉयमेंट हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि इथे मला सर्वांत उपयोगी पडलेले उदाहरण महाराष्ट्रातल्या पगाराच्या चिठ्ठीवर आहे. बऱ्याच पगारदारांच्या चिठ्ठीवर 'पीटी' या नावाने दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात. वर्षाचे ते २,५०० रुपये होतात, आणि राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने घातलेली वार्षिक कमाल मर्यादाही तेवढीच आहे. आपण त्याला व्यवसाय कर म्हणतो, पण १९७५ च्या त्या कायद्याच्या इंग्रजी नावात प्रोफेशन्स, ट्रेड्स, कॉलिंग्ज आणि एम्प्लॉयमेंट्स असे चार शब्द ओळीने आहेत. कायदा लिहिणारे शब्दांची उधळपट्टी हौसेने करत नाहीत. एका शब्दाच्या कक्षेबाहेर कोणी निसटू नये म्हणून चारही लागले आहेत.

प्रोफेशनला दीर्घ शिक्षण आणि बहुधा परवाना लागतो. वकील, डॉक्टर, सनदी लेखापाल त्यात येतात. ट्रेड म्हणजे एकीकडे व्यापार आणि दुसरीकडे हाताचे कसब. आयटीआयमध्ये 'तुझा ट्रेड कोणता?' या प्रश्नाला फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन अशी उत्तरे येतात, ती याच दुसऱ्या अर्थाची. कॉलिंग म्हणजे जे काम माणसाला आतून हाक मारते ते. 'व्होकेशन' हा त्याचा लॅटिनमधून आलेला भाऊ, त्याच्या मुळाशीही बोलावणे हाच अर्थ आहे, आणि सुट्टी या अर्थाच्या 'व्हेकेशन'पासून तो लिहिताना एका अक्षराने वाचवावा लागतो. एम्प्लॉयमेंट म्हणजे दुसऱ्याने दिलेला रोजगार, आणि तो शब्द औपचारिक आहे. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्या इंग्रजी नावात 'एम्प्लॉयमेंट गॅरंटी' हे शब्द आहेत, कारण हमी एखाद्या ठरावीक पदाची नसून हाताला काम मिळण्याची आहे. गप्पांमध्ये मात्र 'आय हॅव अ गुड एम्प्लॉयमेंट' म्हणू नये. तिथे 'जॉब'च शोभतो.

आता क्रियापदे पाहा. राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदातल्या उपजीविकेच्या स्वातंत्र्याच्या कलमात प्रोफेशनसाठी 'प्रॅक्टिस' आणि ऑक्युपेशन, ट्रेड, बिझनेस यांसाठी 'कॅरी ऑन' अशी दोन वेगळी क्रियापदे योजली आहेत. वकिली 'प्रॅक्टिस' केली जाते, किराणा दुकान 'प्रॅक्टिस' केले जात नाही. म्हणून शब्द वहीत उतरवताना एकटा उतरवू नये, त्याचे क्रियापद शेजारी लिहावे: प्रॅक्टिस अ प्रोफेशन, लर्न अ ट्रेड, होल्ड अ पोझिशन, कॅरी आउट अ टास्क, बिल्ड अ करिअर. या शेवटच्या शब्दाचा उच्चारही सांभाळावा लागतो. मराठी वर्तमानपत्रे 'करिअर' छापतात आणि बोलताना पुष्कळ जण 'कॅरिअर' म्हणतात, पण 'कॅरिअर' म्हणजे सायकलच्या मागचे सामान ठेवायचे. कारकीर्दीच्या शब्दात जोर दुसऱ्या अवयवावर, 'री'वर, द्यावा.

अर्जातल्या 'ऑक्युपेशन' या रकान्यात पगार नसलेली माणसेही येतात, हे ध्यानात ठेवावे. विद्यार्थी, गृहिणी, निवृत्त हे सगळे तिथे लिहिता येते.

चौथी पायरी: घरातले आणि बाहेरचे काम

'हाउसवर्क' म्हणजे केरवारे, धुणी-भांडी, स्वयंपाक यांचा एकूण पसारा, आणि तो मोजता येत नाही. त्यातले एकेक सुटे काम म्हणजे 'चोअर', ते मोजता येते आणि त्यात थोडा कंटाळा मिसळलेला असतो. घराबाहेर जाऊन दळण आणणे, औषध आणणे, वीजबिल भरणे अशी किरकोळ कामे म्हणजे 'एरंड्स', आणि त्यांच्याबरोबर बहुधा 'रन' हे क्रियापद येते: 'आय हॅव टू रन सम एरंड्स'. आपल्याकडे 'जरा बाहेरची कामं उरकून येते' म्हणतात, त्याला यापेक्षा जवळचे वाक्य मला सापडलेले नाही.

घरी काम करायला येणाऱ्या मावशींविषयी बोलताना 'सर्व्हंट' हा शब्द वापरू नये असे माझे ठाम मत आहे. २००८ सालच्या महाराष्ट्राच्या कल्याण मंडळाच्या कायद्याने त्यांना 'घरेलू कामगार' म्हटले, आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली त्यांच्यासाठी जो करार केला त्यातही 'डोमेस्टिक वर्कर्स' असाच शब्द आहे. मराठीत आपण 'मावशी' म्हणून नाते जोडतो. इंग्रजीत निदान कामाचा मान राखणारा शब्द तरी घ्यावा.

पाचवी पायरी: जिथे 'वर्क' मुळीच नको

'माझं तुमच्याकडे एक काम होतं.' हे वाक्य मराठीत किती सभ्य आहे! त्यात विनंती आहे, संकोच आहे, आणि लगेच नकार द्यायची वेळ समोरच्यावर येऊ नये याची काळजीही आहे. 'आय हॅव अ वर्क विथ यू' म्हटले की हे सारे नाहीसे होते. बोलायचे असेल तर 'कुड आय हॅव अ वर्ड विथ यू?' म्हणावे, मदत हवी असेल तर 'कुड आय आस्क यू अ फेवर?' म्हणावे. दारात आलेल्याला 'काय काम आहे?' असे विचारताना 'व्हॉट वर्क?' न म्हणता 'हाऊ कॅन आय हेल्प यू?' म्हणावे.

सरकारी कार्यालयातल्या 'माझं काम झालं का?' या प्रश्नाचेही तसेच आहे. तिथे काम म्हणजे अर्ज, दाखला, फेरफार नोंद किंवा परवाना असतो. इंग्रजीत ती वस्तूच सांगावी लागते: 'हॅज माय ॲप्लिकेशन बीन प्रोसेस्ड?' किंवा 'इज द सर्टिफिकेट रेडी?' 'कामाचा माणूस' म्हणजे 'युजफुल', 'कामाला आले' म्हणजे 'केम इन हँडी', 'तुझे काय काम?' म्हणजे 'इट्स नन ऑफ युअर बिझनेस', आणि हे शेवटचे वाक्य इंग्रजीतही तितकेच तोडून टाकणारे आहे.

कष्टाचे शब्द इथेच थोडक्यात घेतो. मराठीत 'लेबर' म्हणजे मजूर माणूस. इंग्रजीत ते मुख्यतः श्रमाचे नाव आहे, आणि रुग्णालयात 'शी इज इन लेबर' म्हणजे तिला कळा सुरू झाल्या आहेत. 'टॉइल' हा राबण्याचा शब्द आज बोलण्यापेक्षा लिहिण्यात अधिक भेटतो. 'द डेली ग्राइंड' म्हणजे रोजचे रगडणे. त्याचे शब्दशः मराठी 'दळण' होते, पण आपण 'तेच दळण दळू नको' म्हणतो ते तेच तेच बोलण्याबद्दल. एकाच जात्यावरून दोन भाषा दोन दिशांना गेल्या आहेत, म्हणून वाक्प्रचार उचलताना असा भरवसा धरू नये.

सहावी पायरी: एक खरा अर्ज दुरुस्त करून पाहू

सीएनसी मशीन चालवणाऱ्या एका विद्यार्थ्याने रजेचा अर्ज लिहून आणला होता. त्याचा मजकूर असा होता: 'आय हॅव ॲन इम्पॉर्टंट वर्क ॲट माय नेटिव्ह प्लेस. माय ब्रदर्स हाउस वर्क इज गोइंग ऑन. आफ्टर डुइंग ऑल वर्क्स आय विल कम ऑन ड्यूटी ऑन मंडे.'

मी त्याला पहिल्या वाक्याविषयी विचारले, 'काम कसले?' तो म्हणाला, 'भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीच्या कागदांवर सही करायची आहे.' मग तेच लिहायचे ठरले, कारण वरिष्ठ अधिकारी कारण पाहून रजा देतो आणि 'इम्पॉर्टंट वर्क' हे कारण नाही. दुसऱ्या वाक्यात घोटाळा अधिक गंभीर होता. त्याला म्हणायचे होते की भावाच्या घराचे बांधकाम चालू आहे, पण 'हाउस वर्क' वाचणाऱ्याला वाटावे की भाऊ घरात केर काढत आहे आणि त्यासाठी याला रजा हवी आहे. तिसऱ्या वाक्यातले 'वर्क्स' पहिल्या पायरीवरच निकालात निघाले, आणि 'ड्यूटी'ही गेली. 'नेटिव्ह प्लेस' हा शब्द भारतात सगळ्यांना कळतो, तरी बाहेरच्या कंपनीत 'माय व्हिलेज' किंवा 'माय होमटाउन' लिहिणे बरे.

पंधरा मिनिटांनी त्याने स्वतः पुन्हा लिहिले: 'आय नीड टू गो टू माय व्हिलेज टू साइन सम लँड सर्व्हे पेपर्स. माय ब्रदर इज बिल्डिंग अ हाउस देअर अँड हॅज आस्क्ड मी टू हेल्प. आय विल बी बॅक ॲट वर्क ऑन मंडे.' तीन ठिकाणी आलेले 'वर्क' आता एकाच ठिकाणी उरले होते, शेवटच्या ओळीत, मागेपुढे काहीही न लावता, आणि तिथे त्याने पेन्सिलने स्वतःच एक बारीक खूण केली होती.